आधी गाड्या मोजा, मग डेटाबेस निवडा

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक मीटिंग झाली. नवीन प्रॉडक्ट, तीन महिन्यांनी पहिला क्लायंट, आणि विषय नेहमीचाच: डेटाबेस कोणता घ्यायचा? आमच्या टीममधल्या एका मुलाने (हुशार आहे, त्याच्या वयात मी होतो त्यापेक्षा तर नक्कीच) फळ्यावर सहा चौकोन काढले. सहा मशीन, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, मध्ये बाणांचं जाळं. "सर, हा स्केल होतो. कितीही लोड आला तरी नवीन मशीन जोडायचं, बास."

मी विचारलं, "दिवसाला नोंदी किती येणार?"

शांतता. मग कुणीतरी म्हणालं, "खूप."

"खूप म्हणजे किती?"

"सर, भरपूर."

तर मंडळी, 'खूप' आणि 'भरपूर' या एककांवर आपला अख्खा धंदा चाललाय. किराणा दुकानात कुणी "भरपूर साखर द्या" म्हटलं तर दुकानदार वेड्यात काढेल. पण सहा मशीनचा महिन्याचा खर्च मात्र आपण 'भरपूर'वर मंजूर करतो.

शुक्रवारी रात्री गाडी काढली आणि घरी आलो. घर म्हणजे सोनई, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. बाहेरच्यांना सोनई माहीत असते ती शिर्डीहून राहुरीमार्गे शनिशिंगणापूरला जाताना लागणारं गाव म्हणून. आम्हाला ती माहीत आहे मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे. हंगाम चालू आहे. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि मागे अडकलेल्या कारमध्ये हॉर्न वाजवणारे पुणेकर. (त्यात मीही एक. पुण्यात राहिलं की हॉर्न आपोआप वाजतो.)

अडकलोच होतो, म्हणून हिशेब करत बसलो. तो हिशेबच आजचा विषय आहे.

एखादा कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो असं धरू. सगळा ऊस फक्त बैलगाडीने येतो असंही धरू. खरं तर ट्रक आणि ट्रॉल्या बराच मोठा वाटा उचलतात, पण आपल्याला गाड्यांचा आकडा मुद्दाम फुगवायचाय. एका गाडीत दोन टन. म्हणजे २,५०० गाड्या. प्रत्येक गाडीचं वजन दोनदा: एकदा भरलेली, एकदा रिकामी. म्हणजे दिवसाला ५,००० वजनं. काटा चोवीस तास चालतो. भागाकार करा: दर सतरा सेकंदांना एक नोंद.

सतरा सेकंदांना एक! एवढ्या वेळात माझ्या फोनमधला डेटाबेस हजारो नोंदी लिहून पुन्हा झोपी जाईल.

१५० दिवसांचा हंगाम धरला तर साडेसात लाख नोंदी. एका नोंदीला २०० बाइट दिले (गट नंबर, सभासद नंबर, गाडी नंबर, वेळ, वजन, यात सगळं आरामात बसतं), तर हंगामाचा डेटा १५० एमबी. पंचवीस हंगामांचा चार जीबीच्याही आत. आता महाराष्ट्रातले दोनशेच्या आसपास कारखाने घ्या, प्रत्येकाला हाच फुगवलेला आकडा लावा. एका हंगामाच्या १५ कोटी नोंदी, ३० जीबी. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या उसाच्या काट्याचा एका वर्षाचा डेटा माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये मावतो, आणि वर दोन-चार सिनेमे ठेवायला जागा उरते.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेऊ. यूपीआय. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात १,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. हा आकडा ऐकला की छाती दडपते. पण भागाकार करून पाहा: सेकंदाला सरासरी पावणेचार हजारांच्या आसपास. मान्य, सरासरी फसवी असते, सणाच्या संध्याकाळी कित्येक पट होतं. एका व्यवहारामागे दोन बँकांचे अनेक निरोप जातात हेही मान्य. त्यानंतर दोन वर्षांत आकडा दुप्पट झाला, हेही धरा. तरी लक्षात घ्या, हा देशभरातल्या चहाच्या टपऱ्यांपासून सोनारांपर्यंतचा लोड आहे. आणि तुमचं प्रॉडक्ट? पहिल्या वर्षी चाळीस क्लायंट झाले तर मॅनेजर पेढे वाटेल.

थोडक्यात काय, तर ज्याला आपण 'स्केल' म्हणून घाबरतो ते बहुतेक वेळा आपल्या दारात येणारच नसतं.

आता कुणी म्हणेल, हा माणूस बाहेरून बोलतोय. नाही. हे पाप मी स्वतः केलंय. ऐका.

२०१४ सालची गोष्ट. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. (नाव सांगत नाही, आणि ती आता नाहीही.) आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवत होतो. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट-एसएनएफ लागतं, त्यावर दर ठरतो, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. त्यातून पशुखाद्याची पोती, उचल वगैरे कापून घेतात. साधा, शंभर वर्षांपूर्वी वहीत मांडता आला असता असा हिशेब.

डेटाबेस मी निवडला. तेव्हा नोएसक्यूएलचं वारं जोरात होतं. मी एक वितरित डेटाबेस घेतला, पाच मशीन, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती. प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड होती: 'एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत स्केल होणार.' गुंतवणूकदार खूष. मी त्याहून खूष, कारण रेझ्युमेवर एक वजनदार नाव वाढलं.

प्रत्यक्ष लोड किती होता? २०० केंद्रं, प्रत्येकी शंभर शेतकरी, दोन वेळा. दिवसाला ४०,००० नोंदी. सकाळचे तीन आणि संध्याकाळचे तीन तास धरले तर सेकंदाला दोन. सेकंदाला दोन नोंदींसाठी पाच मशीन!

पैसे वाया गेले असते तर एकवेळ चाललं असतं. पण झालं ते वेगळंच. या डेटाबेसचा नियम होता: एकाच नोंदीवर दोन ठिकाणी एकदम लिहिलं गेलं तर ज्याच्यावरची वेळ नंतरची, ते खरं. आधीचं गुपचूप पुसलं जाणार. आम्ही शेतकऱ्याचं दहा दिवसांचं खातं एका नोंदीत ठेवलं होतं, कारण 'जॉइन स्केल होत नाही' असं आम्ही कुठेतरी वाचलं होतं. केंद्रावरून दुधाची नोंद आणि गोदामातून पोत्याची कपात एकाच वेळी आली की दोघीही जुनं खातं वाचायच्या, आपापली भर घालायच्या आणि अख्खं खातं परत लिहायच्या. एक जिंकायची, दुसरी गायब. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. त्यात पाच मशीनच्या घड्याळांमध्ये थोडा फरक. म्हणजे कधीकधी खरोखर नंतरची नोंदच हरायची.

सगळं आकड्यात मोजलं तर नगण्य होतं. हजारात एखादी नोंद. आमच्या भाषेत 'एज केस'.

दिवाळीला घरी आलो तर चुलते अंगणात बसलेले. त्यांचं दूध आमच्याच सॉफ्टवेअरवाल्या केंद्रावर जायचं. मी अभिमानाने सगळ्यांना सांगितलेलं होतं ना! तात्यांनी काही न बोलता आतून कार्ड आणलं. केंद्रावर पेनाने लिहून मिळतं ते दुधाचं कार्ड, कोपरे दुमडलेलं, त्यावर शेणाचा डाग. दोन दिवसांची संध्याकाळ कार्डावर होती, बिलात नव्हती. सतरा लिटर. चोवीस रुपयांनी चारशे आठ.

"बाळा," तात्या म्हणाले, "तुझं मशीन म्हणतंय मी दूध घातलंच नाही. मग म्हशीनं काय केलं?"

मी म्हणालो, बघतो, दुरुस्त करतो. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "आपला पोरगा आहे म्हणून त्यांनी विचारलं तरी. बाकीच्यांनी कुणाला विचारायचं?"

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. कारण उत्तर सरळ होतं: बाकीच्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. कॉम्प्युटर सांगतो म्हणजे खरंच असणार, असं म्हणून सोडून दिलं होतं. आमच्या पाच मशीनपेक्षा एक शेणाचा डाग असलेलं कार्ड जास्त विश्वासाचं निघालं.

पुढचे आठ वीकेंड बसून आम्ही सगळं एका पोस्टग्रेएसक्यूएल मशीनवर आणलं, शेजारी एक तयार राखीव मशीन. दुधाची प्रत्येक नोंद वेगळी ओळ, कपातीची वेगळी ओळ, बेरीज बिलाच्या वेळी. जुनी कार्डं मागवून फरक काढला आणि पैसे परत केले. ते मशीन कधी दहा टक्क्यांच्या वर दमलेलं मी पाहिलं नाही.

असो. आता थोडं मुळाशी जाऊ. हे वेड आलं कुठून?

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉडने १९७० साली मांडली. टेबलं, किल्ल्या, आणि व्यवहार एक तर पूर्ण होणार किंवा अजिबात होणार नाही ही नंतर पक्की झालेली हमी. पुढची तीसेक वर्षं जगातल्या बँका त्यावर चालल्या. मग गूगलने २००६ मध्ये बिगटेबलचा पेपर काढला, ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोचा. त्यातून कॅसँड्रासारखी मंडळी २००८-०९ च्या सुमारास बाहेर आली आणि नोएसक्यूएल हा शब्द घरोघरी, म्हणजे हिंजवडीत घरोघरी पोचला.

माझा त्या पेपरांवर राग नाही. उत्तम पेपर आहेत. माझा राग ते न वाचता त्यांची नावं घेणाऱ्यांवर आहे. डायनॅमोच्या पेपरात स्पष्ट लिहिलंय की शॉपिंग कार्टमध्ये टाकलेली वस्तू हरवू नये यासाठी ही रचना आहे, आणि त्याच्या बदल्यात काढून टाकलेली वस्तू कधीकधी पुन्हा उगवू शकते. दुकानाला हे चालतं. गिऱ्हाईक हसतं आणि वस्तू पुन्हा काढतं. पण दुधाच्या पगारात कापलेलं पोतं पुन्हा उगवलं तर? ॲमेझॉनने आपला प्रश्न मोजला, किंमत ठरवली आणि जाणूनबुजून मोजली. आपण त्यांची किंमत मोजतो, त्यांचा प्रश्न नसताना!

"पण सर, एकाच मशीनवर सगळं ठेवणं जुनाट आहे हो." ठीक. मग आपण खरंच जुन्या सिस्टीमकडे जाऊ. तलाठ्याच्या दप्तराकडे. (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात.)

जमीन विकली गेली की आधी सातबारा बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. एकाखाली एक, क्रमाने, मधली पानं फाडायची सोय नाही. मग संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. डेटाबेसवाल्यांनो, ओळखीचं वाटतं का? आधी लॉग, मग कमिट, मग टेबल. आणि हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफार नंबर लिहीत. पोस्टग्रेसुद्धा ओळ बदलताना जुनी ओळ पुसत नाही, ती बाद झाल्याची खूण करून नवीन लिहितो. कंसांची गर्दी झाली की ठरावीक वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन करायचे. पोस्टग्रेत त्याला व्हॅक्यूम म्हणतात. :-)

आणि शार्डिंग? तेही आहे. प्रत्येक गावाचं दप्तर वेगळं. गट नंबर गावापुरताच. सोनईचा गट नंबर १०० आणि शेजारच्या गावाचा गट नंबर १०० यांचा काही संबंध नाही. त्यामुळे एका गावातल्या नोंदीसाठी दुसऱ्या गावाला थांबावं लागत नाही. झकास स्केल होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय.

पण किंमत काय मोजली तीही बघा. खातेदाराची सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा म्हणजे आठ-अ. तोसुद्धा गावापुरताच! तुमची तीन गावांत जमीन असेल तर तीन आठ-अ काढायचे आणि बेरीज स्वतः करायची. "या माणसाची एकूण जमीन किती?" हा एका ओळीचा प्रश्न, पण गावनिहाय दप्तरात तो विचारायचा तर गावोगाव फिरावं लागतं. सीलिंगच्या कायद्याच्या वेळी हाच तर प्रश्न विचारायचा होता. शार्डिंगचा सगळा धडा यात आला: तुम्ही ज्या किल्लीने तुकडे करता, त्या किल्लीचे प्रश्न स्वस्त होतात आणि बाकी सगळे महाग. मग पहिल्याच महिन्यात, धंदा नेमका काय आहे हे कळायच्या आधी, ती किल्ली कायमची ठरवून टाकायची घाई कशाला?

त्याच धर्तीचं अजून एक. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांच्याकडे जिल्ह्यांचं एक वेगळं टेबल होतं त्यांनी एक ओळ बदलली आणि चहा प्यायला गेले. (जुन्या बिलांवर जुनंच नाव छापायचं तर नावाला तारीख लावायची, तेही त्याच टेबलात.) ज्यांनी 'वेगासाठी' जिल्ह्याचं नाव प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीत चिकटवलं होतं त्यांना लाखो नोंदी धुंडाळाव्या लागणार, आणि निम्म्या बदलल्यावर प्रोग्राम बंद पडला की एकाच गावातले दोन शेजारी दोन जिल्ह्यांत राहायला लागणार. राजकारण कुणाचंही असो, डेटाबेसने त्याला एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे.

आता राहिला गर्दीचा मुद्दा. "सरासरी कमी आहे, पण पीक लोडचं काय?" बरोबर प्रश्न. उत्तर आमच्या घरापासून पाच-सहा किलोमीटरवर आहे.

शनिशिंगणापूरला एरवीच्या मंगळवारी आणि शनि अमावस्येला जी गर्दी असते तिची तुलनाच होऊ शकत नाही. अमावस्या शनिवारी आली की सोनईतून जाणारा रस्ता गाड्यांनी भरतो. मग देवस्थान काय करतं? देवाचा चौथरा सहापट करतं का? नाही. चौथरा एकच. बारी लांबवतात. कठडे लावतात, पार्किंग लांब करतात. दर्शनाचा वेग तोच, लोक फक्त थांबतात, आणि कुणीही दर्शनाशिवाय परत जात नाही. कारखान्यावरही तेच. गाड्या यार्डात नंबर लावून उभ्या राहतात. काटे दर गाडीला एक असे बसवत नाहीत.

गर्दीचं पहिलं उत्तर रांग. आलेली नोंद आधी सुरक्षित रांगेत घ्या, पावती द्या, आणि डेटाबेसला त्याच्या गतीने लिहू द्या. ज्याला लगेच उत्तर हवंच आहे त्याला वेगळी बारी. आणि नव्वद टक्के वेळा 'पीक लोड' म्हणून जे पाहिलं जातं ते प्रत्यक्षात एक विसरलेला इंडेक्स असतो. चाळीस सेकंद चालणारी क्वेरी एका ओळीच्या इंडेक्सने चाळीस मिलिसेकंदांवर आलेली मी स्वतः पाहिली आहे. सहा मशीनचं कोटेशन तयार झालेलं होतं. ते फाडलं.

"आणि उद्या खरंच वाढलो तर?"

वाढा की! आनंदाची गोष्ट आहे. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेतलं तेव्हा त्यांच्याकडे तेरा माणसं होती, तीन कोटी वापरकर्ते होते, आणि मुख्य डेटा पोस्टग्रेवर होता, गरज पडेल तसे तुकडे करत नेलेला. नोशन कंपनी कित्येक वर्षं एका पोस्टग्रेवर चालली. २०२१ मध्ये त्यांनी तुकडे केले तेव्हा त्यांना आपला डेटा कोणत्या किल्लीने तुटतो हे नीट कळलेलं होतं. आधी वाढ आली, मग शार्डिंग आलं. उलट क्रमाने गेलेले लोकही मी पाहिलेत. त्यांची वाढ यायची राहूनच गेली, कारण सगळी माणसं क्लस्टर सांभाळण्यात गुंतली होती.

म्हणून माझी शिडी अशी आहे. एकेक पायरी, आणि खालची मोडल्याशिवाय वरच्या पायरीवर पाय नाही:

१. एक चांगलं मशीन, एक राखीव मशीन, साधा रिलेशनल डेटाबेस. पोस्टग्रे घ्या, मायएसक्यूएल घ्या, भांडू नका.
२. इंडेक्स आणि क्वेरी तपासा. खरोखर तपासा.
३. मोठं मशीन घ्या. तुमच्या इंजिनिअरच्या एका महिन्याच्या पगारात पुष्कळ मेमरी येते.
४. रिपोर्ट वाचणाऱ्यांना वेगळी प्रत द्या. महिनाअखेरीच्या रिपोर्टने काटा थांबता कामा नये.
५. हंगामाप्रमाणे, वर्षाप्रमाणे टेबलाचे भाग करा. जुना हंगाम बाजूला.
६. एवढं करूनही लिहिण्याचा भार एका मशीनला झेपत नसेल, आणि ते आकड्यांत दाखवता येत असेल, तर शार्डिंग करा किंवा वितरित डेटाबेस घ्या. तेव्हा मी स्वतः फळ्यावर सहा चौकोन काढून देईन.

सहावी पायरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. लाखो सेन्सर सेकंदासेकंदाला आकडे पाठवत असतील, चॅटचे अब्जावधी निरोप साठवायचे असतील, एखादी नोंद हरवल्याने कुणाचं नुकसान होत नसेल, तर ती साधनं त्यासाठीच बनली आहेत. आणि हेही खरं की २०१४ नंतर त्यांतल्या बऱ्याच जणांनी व्यवहारांची हमी द्यायला सुरुवात केली. मोंगोडीबीमध्ये अनेक नोंदींचा एकत्र व्यवहार २०१८ पासून आहे. साधनं सुधारली. निवडण्याची आपली पद्धत सुधारली का, हा माझा प्रश्न आहे.

कारण खरं कारण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. 'एका पोस्टग्रेवर तीन वर्षं बिनबोभाट सिस्टीम चालवली' या ओळीने इंटरव्ह्यूत कुणी भुवई उंचावत नाही. 'बारा मशीनचा क्लस्टर सांभाळला' म्हटलं की पॅकेज वाढतं. मी हे कुणाला हिणवायला लिहीत नाहीये. मीही ईएमआय भरतो. पण मग निदान आपल्याशी तरी प्रामाणिक राहू: तो डेटाबेस क्लायंटसाठी निवडला नाही, स्वतःसाठी निवडला. आणि जो घेतोय तो धोका आपल्या रेझ्युमेवर नाही, तात्यांच्या चारशे आठ रुपयांवर घेतोय.

चारशे आठ रुपये आपल्यासाठी एक पिझ्झा. त्या घरात त्या आठवड्याचा किराणा होता. ऊसवाल्याचंही तेच. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या चौदा दिवसांवर पोरांची फी, सोसायटीचं कर्ज, लग्नाची तारीख टांगलेली असते. काट्यावरची एक नोंद हरवली तर डेटाबेसच्या दृष्टीने साडेसात लाखांतली एक. गाडीवानाच्या दृष्टीने रात्रभर थंडीत यार्डात बसून काढलेली अख्खी खेप.

माझ्या मते 'स्केल'ची खरी परीक्षा हीच. तुमची सिस्टीम दहा लाख नोंदी झेलते का, हे कुणीही मशीन विकत घेऊन सिद्ध करेल. दहा लाखांतली एक नोंद, जिच्या मालकाला तक्रार कुणाकडे करायची हेही माहीत नाही, तीही बरोबर राहते का?

सोमवारी परत गेल्यावर त्या मुलाला मी फळा पुसायला सांगणार नाही. फक्त एका कोपऱ्यात चार प्रश्न लिहिणार आहे. दिवसाला नोंदी किती, आकड्यात? एक नोंद हरवली किंवा दोनदा आली तर कुणाचं किती नुकसान? बॅकअपमधून सगळं परत उभं करून शेवटचं कधी पाहिलं? आणि रात्री तीन वाजता हे बंद पडलं तर दुरुस्त करू शकणारी माणसं आपल्याकडे किती? चारही उत्तरं आली की सहा चौकोनांवर बोलू. माझा अंदाज, चौकोन दोनच उरतील.

हे लिहीपर्यंत बाहेरून चार बैलगाड्या गेल्या. घुंगरांचा आवाज येतोय. मी घड्याळ लावून मोजलं: दोन गाड्यांमध्ये साधारण तीन मिनिटं.

सेकंदाला ०.००५. स्केल होईल. :-)